बारोलोची पिंपे आणि समीक्षकांचे गुण

1983 साली उत्तर इटलीतल्या ला मोर्रा गावात एलियो आल्तारे हा तरुण बागायतदार यांत्रिक करवत घेऊन तळघरात उतरला आणि वडिलांची जुनी, भलीमोठी लाकडी पिंपे त्याने कापून काढली. तिथे त्याला फ्रेंच ओकची, जेमतेम 225 लिटरची नवी पिंपे ठेवायची होती. वडिलांनी संतापून त्याला वारसाहक्कातून बेदखल केले. 1985 मध्ये ते वारले, तोवर राग निवळलेला नव्हता. आल्तारेला घरचीच जमीन भावंडांकडून विकत घ्यावी लागली.

पिएमोंते प्रांतातल्या लांगे टेकड्यांवर पुढची वीसेक वर्षे चाललेल्या जुन्या-नव्यांच्या या वादाला ‘बारोलो युद्ध’ असे नाव पडले.

बारोलो ही वाइन नेब्बियोलो या एकाच द्राक्षापासून होते. हे द्राक्ष ऑक्टोबरात, टेकड्यांवर धुके उतरू लागल्यावर पिकते. त्याचा रंग फिका, आंबटपणा तीव्र आणि टॅनिन इतके भरपूर, की तरुण वाइन जिभेवर कच्च्या सुपारीसारखी तुरट लागते. जुन्या पद्धतीत साली रसात कित्येक आठवडे बुडवून ठेवत. मग वाइन हजारो लिटरच्या, दशकानुदशके वापरलेल्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरत असे. अशा पिंपाच्या लाकडाची चव वाइनला जवळजवळ लागत नाही. जाकोमो कोंतेर्नो घराण्याची ‘मोनफोर्तिनो’ सात-सात वर्षे पिंपात राहत आली आहे. बाटलीत भरल्यावरही ती खुलायला आणखी दहा-वीस वर्षे लागतात.

नव्या फळीने हा काळच कमी केला. फिरत्या टाक्यांमध्ये सालींचा अर्क काही दिवसांत निघू लागला आणि कोऱ्या ओकमुळे वाइनला व्हॅनिलाचा गोडसर वास, गडद रंग आणि मऊपणा आला. शेजारच्या बार्बारेस्कोत आंजेलो गाया यांनी छोट्या पिंपांचा प्रयोग आधीच सुरू केला होता. आल्तारे 1976 मध्ये फ्रान्समधल्या बर्गंडीला जाऊन तिथल्या बागायतदारांची भरभराट पाहून आला होता. लांगेतले बहुतेक शेतकरी तेव्हा अल्बा शहराच्या बाजारात व्यापारी देईल त्या भावाने द्राक्षे विकत. तरुण शेती सोडून तिथल्याच फेरेरो चॉकलेट कारखान्यात जात. त्यात 1986 मध्ये याच परिसरात तयार झालेली, मिथेनॉल मिसळलेली स्वस्त वाइन पिऊन वीसहून अधिक माणसे दगावली आणि इटालियन वाइनवरचा विश्वास उडाला. अनेक जुन्या तळघरांतली पिंपे खरोखरच अस्वच्छ होती. बदलाची निकड खोटी नव्हती.

पण कोणता बदल खपेल, हे ठरवले समीक्षकांनी. अमेरिकेत रॉबर्ट पार्कर यांनी 1978 मध्ये आपले वार्तापत्र काढले आणि 100 गुणांची मोजपट्टी रूढ केली. इटलीत 1980 च्या दशकाच्या अखेरीस ‘गाम्बेरो रोस्सो’च्या वाइन-मार्गदर्शिकेने ‘तीन ग्लास’ हा सर्वोच्च मान द्यायला सुरुवात केली. असा मान मिळाला की लगेच मागणी वाढे.

नव्या शैलीकडे झुकणाऱ्या या पक्षपाताचे मूळ चाखण्याच्या रीतीतच होते. समीक्षक एका बैठकीत डझनावारी वाइन चाखतो. एक घोट, थुंकणे, चार शब्दांची नोंद, पुढचा ग्लास. त्याच्यापुढे येते ती नुकतीच बाजारात आलेली वाइन, तीही जेवणाशिवाय. अशा रांगेत गडद, मऊ, ओकचा वास असलेला ग्लास पहिल्याच घोटात उठून दिसतो, तर वीस वर्षांच्या हिशेबाने केलेली फिकी, तुरट वाइन मागे पडते. जिचा गुणच मुरण्यात आहे, तिची परीक्षा मुरण्याआधी घेणे हा उघड अन्याय होता. 2000 च्या उष्ण, मऊ हंगामाला ‘वाइन स्पेक्टेटर’ या अमेरिकी नियतकालिकाने 100 पैकी 100 गुण दिले; पुढे 1996, 1999 आणि 2001 ही करडी वर्षे अधिक टिकाऊ असल्याचे अनेक जाणकारांनी मानले. अपवाद होतेच. पार्कर यांनी जुन्या वळणाच्या ब्रुनो जाकोझांचे भरभरून कौतुक केले. पण मोठ्या नावांचा हा मान लहान तळघरांपर्यंत क्वचितच पोहोचला.

काहींनी जुन्या पद्धतीकडे पाठ फिरवली नाही. बारोलो गावच्या बार्तोलो मास्कारेल्लो यांनी हाताने रंगवलेल्या लेबलवर ‘ना छोटी पिंपे, ना बर्लुस्कोनी’ (इटलीचे तेव्हाचे बडे नेते) अशी घोषणाच लिहिली. सेर्रालुंगाच्या तेओबाल्दो कापेल्लानो यांनी तर 1983 मध्येच शेल्डन वॉसरमन या वाइन-लेखकाला आपल्या वाइनचे गुण छापू नका, अशी विनंती केली. वॉसरमन यांनी ती मानली आणि पुस्तकात तशी नोंदही केली. पुढे कापेल्लानो यांनी हा किस्सा बाटलीच्या मागच्या लेबलवरच छापला. आकड्यांतली तुलना माणसांच्या सामायिक श्रमांना तोडते, असे त्यांचे म्हणणे होते.

2004 मध्ये अंतोनियो गॅलोनी यांनी पिएमोंतेला वाहिलेले वार्तापत्र सुरू केले आणि दोन वर्षांत ते पार्कर यांच्या वार्तापत्रात दाखल झाले. जुन्या घराण्यांच्या मुरलेल्या बाटल्या ते पुन्हा पुन्हा उघडून त्यांवर लिहीत. याच सुमारास ग्राहकही ओकच्या गोडीला कंटाळले होते. मास्कारेल्लो आणि रिनाल्दी या जुन्या वळणाच्या घराण्यांच्या बाटल्यांसाठी आज जगभरातून रांग लागते. अनेक नव्यांनी कोऱ्या ओकचा वापर कमी केला, सालींचा मुक्काम वाढवला. जुन्यांनी स्वच्छता आणि तापमान-नियंत्रण स्वीकारले. लांगेतल्या कित्येक तळघरांत आता पोलादी टाक्यांच्या शेजारी मोठी पिंपे पुन्हा उभी आहेत. गुणांची मोजपट्टी मात्र अजून तीच आहे, आणि बहुतेक गुण आजही वाइन बाजारात येतानाच दिले जातात.