संवादी आज्ञावलीलेखन
आज्ञा दिल्याबरोबर संगणक उत्तर देतो व त्यावरून पुढील आज्ञा ठरविता येते, अशा आज्ञावलीलेखनास संवादी पद्धत म्हणतात. तीत कामाची दोन रूपे एकाच वेळी अस्तित्वात असतात : फाइलीत लिहिलेली मूळ संहिता आणि संगणकाच्या स्मृतीतील चालू सत्र. ही दोन रूपे परस्परांशी जुळती ठेवणे हा या पद्धतीतील मूलभूत प्रश्न होय. उदा., फाइलीतून काढून टाकलेले फलन स्मृतीत शिल्लक राहिल्यास त्यावर अवलंबून असलेली आज्ञावली त्या सत्रात बिनचूक चालते. परंतु सत्र नव्याने सुरू करताच ती बंद पडते.

छिद्रित पत्रांच्या काळात हा प्रश्न नव्हता. पत्रांचा गठ्ठा हीच आज्ञावली असे व प्रत्येक वेळी ती आरंभापासून चालविली जाई. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे लिस्प भाषेचे काम सुरू केले. या भाषेत आज्ञावली व तिने हाताळावयाची माहिती या दोहोंचे रूप एकच असल्याने, चालू सत्रातच एखादे फलन बदलणे सुलभ झाले.

या प्रश्नावर दोन भिन्न दिशांनी उपाय योजण्यात आले. वॉरन टाइटलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या इंटरलिस्प प्रणालीत स्मृतीतील रूप प्रमुख मानले होते. कोणते फलन बदलले याची नोंद प्रणाली स्वतः ठेवी व त्यानुसार फाइली पुन्हा लिहून काढी. झीरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात निर्माण झालेल्या स्मॉलटॉक प्रणालीत स्मृतीची संपूर्ण प्रतिमाच साठविली जाई. शिवाय प्रत्येक बदल वेगळ्या फाइलीत नोंदविला जात असल्याने सत्र अकस्मात बंद पडले, तरी काम परत मिळविता येई. याउलट, मूळ संहिता हीच प्रमाण मानून सत्र तिच्यावरून पुन्हा उभारावयाचे, हा दुसरा मार्ग होय. एरिक सांडेवाल यांनी १९७८ मधील आपल्या लेखात या दोन मार्गांचा तौलनिक विचार केला.

दूरध्वनी केंद्रासारखी यंत्रणा बंद करून संहिता बदलणे परवडत नाही. एरिक्सन कंपनीत विकसित झालेल्या एर्लांग भाषेत म्हणून एका घटकाच्या जुन्या व नव्या अशा दोनच आवृत्त्या एकाच वेळी स्मृतीत राहू शकतात. तिसरी आणण्यापूर्वी सर्वांत जुनी काढावी लागते. तीत अद्याप गुंतलेल्या प्रक्रिया त्या वेळी संपुष्टात आणल्या जातात.

एकविसाव्या शतकात शास्त्रीय गणनासाठी ‘नोटबुक’ पद्धत रूढ झाल्यावर या प्रश्नाला नवे महत्त्व आले. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ज्युपिटर प्रकल्पाच्या नोटबुकातील कप्पे कोणत्याही क्रमाने चालविता येतात आणि कप्पा पुसला, तरी त्याने निर्मिलेली मूल्ये स्मृतीत राहतात. परिणामी पानावर दिसणारी संहिता व तिच्याखाली दिसणारे उत्तर यांचा संबंध तुटू शकतो. गिटहबवरील सु. १४ लाख नोटबुकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुन्हा चालवून पाहिलेल्या नोटबुकांपैकी सु. २४ टक्के दोषाविना चालली आणि केवळ सु. ४ टक्के नोटबुकांतून मूळचीच उत्तरे मिळाली. साहाय्यक संहिता-संग्रहांचा अभाव हेही याचे एक कारण होते. जूलिया भाषेसाठी २०२० मध्ये आलेल्या प्लूटो या साधनात एक कप्पा बदलताच त्यावर अवलंबून असलेले सर्व कप्पे आपोआप पुन्हा चालतात व पुसलेल्या कप्प्याची मूल्येही नाहीशी होतात.

शास्त्रीय निष्कर्षाची पडताळणी इतरांना करता येणे आवश्यक असते. त्यामुळे सत्र नव्याने सुरू करून संपूर्ण संहिता आरंभापासून चालविणे व तेच उत्तर मिळते का हे पाहणे, ही कसोटी या सर्व साधनांनंतरही महत्त्वाची राहिली आहे.