मुस्तफाचा गेम आणि आपला डाव

गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज, कर्ज यांवर आपण नेहमीच बोलतो. आज खेळाच्या इतिहासावर बोलू. खेळ म्हणजे फुगडी-झिम्मा नव्हे, व्हिडिओ गेम. हा पोरांचा विषय, असं तुम्ही म्हणाल. पण या इतिहासात बायका कुठे होत्या, ते बघण्यासारखं आहे.

आम्ही मुंबईच्या उपनगरांत, घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत गटांचं काम करतो. नव्वदच्या दशकात इकडे आणि अंधेरी-बोरिवलीकडेही गेम पार्लर होती. छोटीशी अंधारी खोली, चार-पाच मशिनं, रुपया-दोन रुपयांत एक डाव. गर्दी असायची ‘मुस्तफा’ला. त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला. त्यातल्या चार पात्रांपैकी मुस्तफा आपल्याकडे एवढा आवडता झाला की गेमलाच त्याचं नाव पडलं. त्या चौघांत हॅना नावाची बाईही होती. पडद्यावर हॅना लढायची, पार्लरमध्ये मात्र मुलगी दिसायची नाही. आमच्या गटातल्या चाळिशीच्या बायका सांगतात, “भावाला जेवायला बोलवायला दारापर्यंत जायचो. आत पाऊल टाकलं नाही.”

ही गत जपानमध्येही होती. तोरू इवातानी या तरुणाला वाटलं, पार्लरमध्ये बायकांनीही यावं. म्हणून त्याने मारामारी सोडून खाण्यावर गेम बेतला. तो १९८० चा पॅक-मॅन, ठिपके खात पळणारा पिवळा गोळा.

त्याच वर्षी अमेरिकेत रॉबर्टा विल्यम्स या दोन मुलांच्या आईने घरातल्या जेवणाच्या टेबलावर ‘मिस्टरी हाउस’ची गोष्ट रचली. प्रोग्राम नवऱ्याने लिहिला. चित्रं असलेला हा पहिला साहसी गेम. दोघांनी तो प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून विकला आणि त्यातून मोठी कंपनी उभी राहिली. पापड-मसाल्याची पाकिटं भरणाऱ्या आपल्याला ही सुरुवात ओळखीची वाटेल.

पुढे घरोघरी टीव्ही गेम आले, मग मोबाइल, आणि पार्लर बंद पडत गेली. पण गेम टिकले ते एम्युलेटरमुळे. एम्युलेटर म्हणजे दुभाषी. जुना गेम जुन्या मशिनचीच भाषा बोलतो. हा प्रोग्राम ती नव्या यंत्राला समजावून देतो. १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने ‘मेम’ हा एम्युलेटर काढला. जुनी मशिनं भंगारात गेली तरी गेम विसरले जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. बहुतेक जुन्या गेमचे हक्क अजून कंपन्यांकडे आहेत, म्हणून परवानगीचीच प्रत घ्यावी. ‘मिस्टरी हाउस’ मात्र कंपनीनेच १९८७ मध्ये सर्वांना खुला केला.

एक फरक गाठीला बांधा. या जुन्या खेळांत हरलं तर डाव जातो, घरातला पैसा जात नाही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम वेगळे. त्यांवर बंदी घालणारा कायदा २०२५ मध्ये झाला. त्या वाटेला कुणी जात असेल तर गटात बोला, लपवू नका.

बाईने खेळावं का, असं आम्हाला विचारतात. आम्ही म्हणतो, दिवसभर राबणारीला अर्धा तास स्वतःचा हवाच. तेव्हा दारातून परत फिरलेल्या मैत्रिणी आता मोबाइलवर मुस्तफा खेळतात. त्यातल्या दोघी तर हॅनाच निवडतात.