भिंतीवरच्या घड्याळातली मोटर

आजचा भाग सुरू होतो एका सागवानी फळीपासून.

आमचं घर बीड जिल्ह्यात, माजलगावजवळ. वडील सुतारकाम करतात. नक्षी कोरताना आता त्यांची बोटं आखडतात, म्हणून मी लाकूड कोरणारं छोटं सीएनसी मशीन घरीच जुळवलं. पहिलं काम लग्नघरच्या दाराचं. अर्ध्यावर वेल ३ मिलिमीटर बाजूला सरकली आणि फळी वाया गेली. मशीन मात्र मजेत कोरतच राहिलं. वडील एवढंच म्हणाले, "लेका, ह्याला डोळे न्हाईत व्हय?"

खरंच नाहीत. का नाहीत, ते बघायला थोडं मागे जाऊ.

आपल्याकडे मोटर म्हटलं की कडबा कुट्टी नाहीतर विहिरीवरचा पंप. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीसुद्धा सुरुवात केली ती कडबा कापायच्या यंत्रापासून आणि लोखंडी नांगरापासून. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. गावात यंत्राची पारख होते ती ताकदीवर. पहिला प्रश्न, "किती एचपी?" कुट्टीच्या मोटरने फक्त फिरायचं, नेमकं कुठे थांबली याच्याशी कुणाला देणंघेणं नाही.

स्टेपर मोटरचं घराणं वेगळं. १९२० च्या दशकात ब्रिटिश नौदलाने ती वापरली, ती तोफांची दिशा दाखवणारे काटे दुरून फिरवायला. एक पल्स, एक पाऊल. १९३६ मध्ये फ्रान्सच्या मारियस लावे यांनी याच जातीची चिमुकली मोटर घड्याळासाठी काढली. तुमच्या भिंतीवरच्या क्वार्ट्झ घड्याळात आज तीच टिकटिकतेय. सेल उतरला की सेकंदकाटा जागच्या जागी थरथरतो, आठवतंय? आतलं सर्किट पल्स देत राहतं, काटा मात्र पुढे जात नाही. आणि आपण मागे पडलोय हे घड्याळाला कळतच नाही. माझ्या मशीनचं अगदी हेच झालं होतं.

२००५ मध्ये इंग्लंडच्या बाथ विद्यापीठातल्या एड्रियन बोयर यांनी रेपरॅप प्रकल्प सुरू केला, थ्रीडी प्रिंटरची रचना सगळ्यांसाठी खुली ठेवली आणि ही मोटर आपल्यासारख्यांच्या टेबलावर आली. मी चुकलो तेही इथेच. प्रिंटरचे ए-४९८८ ड्रायव्हर घेतले आणि त्यांना जोडल्या ३ अँपिअरच्या नेमा-२३ मोटर. हा ड्रायव्हर पंखा-हीटसिंक लावूनही २ अँपिअरपर्यंतच जातो. तो तापला, मधेच बंद पडला, पावलं हुकली. मी मोटर घेतली होती कुट्टीच्या हिशोबाने, मोठी दिसली म्हणून.

आता माझा क्रम असा. आधी काम ठरवा: पेनाने रेघ मारायचीय की सागवान कोरायचंय? नेमा-१७ आणि नेमा-२३ हे आकडे ताकदीचे नाहीत, मोटरच्या तोंडाच्या मापाचे आहेत; १.७ आणि २.३ इंच. पत्रकावरचा होल्डिंग टॉर्क थांबलेल्या मोटरचा असतो, वेग वाढला की तो घटतो. वेगातही जोर हवा असेल तर मोटर कमी इंडक्टन्सची आणि सप्लाय जास्त व्होल्टचा. जुना आडाखा आहे: मिलिहेन्रीतल्या इंडक्टन्सचं वर्गमूळ गुणिले ३२, ही व्होल्टची कमाल मर्यादा. १.४ मिलिहेन्री असेल तर साधारण ३८, म्हणजे ३६ व्होल्टचा सप्लाय चालतो. ड्रायव्हर मोटरच्या अँपिअरला पुरेल असा घ्या. मी डीएम-५४२ घेतला. आणि वीज चालू असताना मोटरची वायर कधीच काढू नका, ड्रायव्हर जळतो.

गणितही सोपं आहे. एका फेऱ्यात २०० पावलं आणि माझा स्क्रू फेऱ्याला ५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे एक पाऊल ०.०२५ मिलिमीटर. ती वेल ३ मिलिमीटर सरकली म्हणजे १२० पावलं हुकली, आणि एकाचीही खबर मशीनला नाही.

आता आमच्याकडे मशीन चालताना वडील शेजारी स्टूल टाकून बसतात. दर ओळीनंतर वेलीवर बोट फिरवतात. नवी चौकट लग्नाच्या आदल्या दिवशी पोहोचली.

मशीनला डोळे नव्हते. आता आहेत.

पुढच्या भागात भेटू. तोवर घरातलं घड्याळ बरोबर चालतंय ना, ते बघा!