साताऱ्यातील पेठा
साताऱ्यातील पेठा : अजिंक्यताऱ्याच्या उत्तर उतारावर व पायथ्याशी वसलेल्या, सातारा शहराच्या मध्यभागातील जुन्या वस्त्या. छत्रपती शाहूंचा राज्याभिषेक 1708 मध्ये साताऱ्यात झाला (पहा : शाहू, छत्रपती). त्यांच्या कारकिर्दीत राजधानीची वस्ती किल्ल्याखाली पसरली व तिला ‘शाहूनगर’ म्हणू लागले. पुण्याप्रमाणे येथेही वारांच्या नावांच्या पेठा आहेत. शिवाय यादोगोपाळ, मल्हार, प्रतापगंज, चिमणपुरा, व्यंकटपुरा ही नावे रूढ आहेत. ‘रामाचा गोट’मधील गोट म्हणजे लष्कराची छावणी.

भूरचना उताराची असल्याने राजवाडा ते पोवई नाका हे अंतर दोन समांतर रस्त्यांनी जोडले आहे. राजपथ व कर्मवीर पथ ही त्यांची नावे. बोलण्यात मात्र ‘वरचा रस्ता’ आणि ‘खालचा रस्ता’. राजवाड्यासमोर गोलबाग असून जवळच्या मोती चौकात कंदी पेढ्यांची दुकाने आहेत. जुना राजवाडा छत्रपती प्रतापसिंहांच्या काळातील (पहा : प्रतापसिंह, छत्रपती). 1848 मध्ये राज्य खालसा झाले.

पेठांचे महत्त्व पाणीव्यवस्थेतही आहे. यवतेश्वर डोंगराचे पाणी खापरी नळांतून येथील हौदांत येई. पश्चिमेकडील पेठांना कास तलावाचे पाणी आजही मिळते (पहा : कास तलाव).