पीएचपी भाषेतील दोषहाताळणी : एक ऐतिहासिक मागोवा

संगणकीय भाषांच्या इतिहासात भाषा काय करू शकते याची नोंद आवर्जून होते. चूक झाल्यावर ती प्रोग्रॅमरला काय सांगते, याची क्वचितच. प्रस्तुत लेखात पीएचपी या स्क्रिप्टिंग भाषेचा त्या अंगाने विचार केला आहे.

रास्मुस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या संकेतस्थळासाठी लिहिलेली साधने जून १९९५ मध्ये ‘पर्सनल होम पेज टूल्स’ या नावाने सर्वांसाठी खुली केली. वाचकासमोर पान उमटले पाहिजे, ही त्यांची मूळ गरज. चूक पोटात घालून पुढे जाण्याची या भाषेची वृत्ती त्या गरजेतूनच आली असावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकले तरी प्रोग्रॅम थांबत नसे. रिकामे मूल्य गृहीत धरून तो पुढे जाई. त्याबद्दलची ‘नोटीस’ ही सौम्य सूचना आठव्या आवृत्तीपर्यंत मूळ मांडणीत बंदच असे. पाचव्या आवृत्तीत शून्याने भागल्यास वॉर्निंग निघे व उत्तर ‘फॉल्स’ येई. विद्यार्थीच नसलेल्या तुकडीची सरासरी काढली, तर निकालपत्रकावर त्या जागी काहीच उमटत नसे. तेच उत्तर पुढे बेरजेत घेतले की मात्र शून्य ठरे. चूक एका ठिकाणी, लक्षण भलतीकडेच! याउलट ‘फेटल एरर’ आली आणि सर्व्हरवर संदेश दाखवणे बंद असले, तर समोर निव्वळ पांढरे पान येई.

संदेश दिसला तरी उमगेलच असे नव्हते. १९९७ मध्ये या भाषेचा गाभा नव्याने लिहायला घेणारे झीव्ह सुरास्की व अँडी गटमन्स हे हैफा येथील टेक्निऑन संस्थेचे विद्यार्थी होते. दोन अपूर्णविरामांच्या चिन्हाला त्यांच्या इंजिनात हिब्रू नाव मिळाले : ‘पामायिम नेकुदोतायिम’, म्हणजे ‘दोनदा अपूर्णविराम’. ते चिन्ह चुकीच्या जागी पडले की पडद्यावर हेच नाव येई. हिब्रू न जाणणाऱ्या नवशिक्याने त्यातून काय बोध घ्यावा? २०१२ च्या ५.४ आवृत्तीपासून नावासोबत चिन्हही दिसू लागले, ८.० मध्ये संदेशातून नाव गेले, इंजिनात मात्र ते टिकून आहे.

जुलै २००४ मध्ये पाचव्या आवृत्तीने ‘एक्सेप्शन’ आणले. त्याला पूरक ‘फायनली’ २०१३ मध्ये आले. डिसेंबर २०१५ च्या सातव्या आवृत्तीत अनेक फेटल एरर पकडता येऊ लागल्या. नोव्हेंबर २०२० मधील ८.० ने शून्याने भागाकार हा एक्सेप्शनचा विषय केला आणि नोटीस मुळातच चालू ठेवल्या. हा विलंब केवळ अनास्थेचा नव्हे. जुन्या मौनावर विसंबून लिहिलेली असंख्य संकेतस्थळे चालू होती; कडक नियम आले की तीच प्रथम कोलमडणार होती. म्हणूनच फाईल उघडणारे ‘एफओपन’ हे फंक्शन फाईल न सापडल्यास आजही वॉर्निंग देऊन ‘फॉल्स’च परत करते.