एका मुलाची दोन निदाने

नवी दिल्लीतील कोपर्निकस मार्गावर दूरदर्शनचे भवन आहे, नाट्यगृहे आहेत, आणि फरीदकोट हाउस ही जुनी संस्थानी वास्तूही आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे कार्यालय अनेक वर्षे याच वास्तूत होते. ज्या ज्योतिर्विदाचे नाव या रस्त्याला दिले आहे, त्याचा ग्रंथ १५४३ साली प्रसिद्ध झाला. सूर्य पृथ्वीभोवती फिरताना रोज डोळ्यांना दिसत असला, तरी जे दिसते तेच सत्य असते असे नाही, हा त्याचा बोध. आजचा आपला विषय मुलांच्या मनोविकासाचा आहे. पण त्याच्या इतिहासातही हाच बोध पुन्हापुन्हा घ्यावा लागला आहे.

जॉन लँग्डन डाउन हे इंग्लंडमधील अर्ल्सवुड येथील आश्रमाचे वैद्यकीय प्रमुख होते. १८६६ साली त्यांनी एक निबंध लिहून, तेथील काही मुलांच्या चेहऱ्यांत विलक्षण साम्य आहे, असे नोंदविले. निरीक्षण अचूक होते. अर्थ मात्र चुकला. डोळ्यांच्या ठेवणीवरून त्यांनी या मुलांची सांगड मंगोल वंशाशी घातली, आणि ते अपमानास्पद नाव सुमारे शंभर वर्षे वैद्यकग्रंथांत टिकले. १९६१ साली काही शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याविरुद्ध पत्र लिहिले, आणि १९६५ साली मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेनेही ते नाव टाकून दिले. आज आपण डाउन सिंड्रोम म्हणतो तो असा.

कारणाचा शोधही सावकाशच लागला. लायोनेल पेनरोज यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले की या स्थितीचा संबंध आईच्या वयाशी आहे. ते मूल कितवे, याच्याशी नाही. पुढे १९५९ साली पॅरिस येथे जेरोम लेज्यून, मार्त गोतिए व रेमों त्युर्पां यांनी या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असल्याचे जाहीर केले. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक, एवढाच तो भेद. त्यात आईचे पाप नाही, ग्रहणाचा दोष नाही, की कुणाची दृष्टही नाही.

स्वमग्नतेची कथा निराळी आहे. बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंत रमत, आणि नित्यक्रमातील लहानसा बदलही त्यांना असह्य होई. ‘ऑटिझम’ या शब्दाचे मूळ ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. मराठीने त्याला ‘स्वमग्नता’ असा समर्पक पर्याय दिला. पण येथेही दोष आईच्या माथी आला. आईबापांच्या थंडपणामुळे मूल असे होते, असे काही नामवंत सांगत राहिले. स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून या मताला उघड आव्हान दिले. १९७९ साली लोर्ना विंग व ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनमधील मुलांच्या अभ्यासातून दाखविले की, ही लक्षणे कॅनर यांच्या चौकटीपेक्षा कितीतरी व्यापक आहेत.

हे दोन प्रवाह दीर्घकाळ समांतर वाहत राहिले. डाउन सिंड्रोमचे मूल म्हणजे हसरे, लाघवी, सर्वांत मिसळणारे. स्वमग्न मूल म्हणजे एकलकोंडे. मग एकच मूल दोन्ही कसे असेल? ही समजूत इतकी पक्की होती की प्रश्नच विचारला जाईना. डाउन सिंड्रोम चेहऱ्यावर वाचता येतो. स्वमग्नता चेहऱ्यावर लिहिलेली नसते. जे दिसत होते त्याने, जे दिसत नव्हते ते झाकून टाकले. मूल हाक मारूनही वळत नाही, तासन्‌तास हात झटकते, आलेले चार शब्दही विसरते, असे आई सांगे, आणि तिला उत्तर मिळे, ‘बुद्धीचा विकास मंद आहे, त्याचाच हा भाग.’

आता चित्र पालटले आहे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ साली मांडलेल्या आढाव्यात, डाउन सिंड्रोम असलेल्यांपैकी शंभरात सुमारे सोळा जणांत स्वमग्नतेची लक्षणे आढळली. म्हणजे बहुसंख्य मुलांत ती नसतात. पण ज्यांच्यात असतात त्यांची संख्या दुर्लक्ष करण्याजोगी नाही. याचा अर्थ अधिकचे गुणसूत्र स्वमग्नता निर्माण करतेच, असा नव्हे. ते तिची शक्यता वाढविते, एवढेच.

येथे तारतम्य हवे. उशिरा बोलणे हे एकट्याने स्वमग्नतेचे लक्षण ठरत नाही. डाउन सिंड्रोमच्या मुलांत श्रवणदोष व थायरॉइडचे विकार वारंवार आढळतात. म्हणून प्रथम त्यांची तपासणी करावी. बहिरेपणामुळे न वळणारे मूल आणि ऐकू येऊनही न वळणारे मूल, या दोघांना लागणारी मदत वेगळी असते. शब्द नसले तरी मूल बोटाने दाखवते का, नजरेने आपला आनंद वाटून घेते का, हे पाहावे. स्वमग्न मुलाला चित्रांचा आधार, ठरलेला दिनक्रम आणि गोंगाटापासून आडोसा लागतो. नुसत्या मायेने आणि गलबल्याच्या वर्गाने त्याचे भागत नाही.

आपल्याकडे मुंबईची जय वकील शाळा १९४४ साली, तर पुण्याची ‘कामायनी’ १९६४ साली सुरू झाली. दिल्लीत ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था १९९१ साली स्थापन झाली. कायदा मात्र मागून आला. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. ती १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आली, आणि २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत तिला स्वतंत्र स्थान मिळाले. डाउन सिंड्रोमचे नाव त्या यादीत वेगळे नाही. तो सामान्यतः बौद्धिक अक्षमतेत मोजला जातो. त्यामुळे दोन्ही स्थिती असलेल्या मुलाच्या कागदावर एकच नोंद होऊन दुसरी राहून जाण्याचा धोका असतो, आणि नोंद नसली की तिच्या अनुषंगाने मिळणारी मदतही राहते.

दुसरे निदान ऐकताना आईबापांचे काळीज हलते, हे खरे. पण त्या निदानाने मूल बदलत नाही. काल होते तेच ते आजही असते. बदलते ती आपली समजूत. हट्टी म्हणून ज्याला रागे भरलो, ते गोंगाटाने घाबरले होते, हे कळणे म्हणजे त्या मुलाला न्याय मिळणे होय.