एक वहाण, दोन राज्ये

कोल्हापुरी वहाणेचे नाव एका गावाचे. कसब मात्र आठ जिल्ह्यांचे. आमचे सातारा-सांगली त्यांत आहेत, कोल्हापूर-सोलापूर आहेत. तसेच कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूरही आहेत. ज्या सीमेचा वाद १९५६ पासून मिटला नाही, तिच्या दोन्ही बाजूंच्या सरकारी चर्मोद्योग महामंडळांनी मिळून भौगोलिक मानांकन मागितले व २०१८-१९ मध्ये मिळविले.

मानांकन नाव राखते, घाट नव्हे; आणि तेही देशापुरते. २०२५ साली प्राडा कंपनीने मिलानमध्ये तशाच वहाणा कोल्हापूरचे नाव न घेता मांडल्या. लोकांनी ओरड केली. वर्षअखेरीस कंपनीने करार केला, तो दोन्ही महामंडळांशी. भांडणाऱ्या भावांनी सामाईक विहीर राखावी, तसेच हे झाले. तिचे पाणी कारागिराच्या दारी पोहोचते काय, हे आता आम्हीच पाहावयाचे आहे.